उत्तरेची भिंत रंग थुंकते

भिंतीवर पडलेला थेंब मसुरीच्या डाळीएवढा होता, पांढराशुभ्र, आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक पिवळा कण होता. राग्नानं चष्मा कपाळावर सरकवून तो जवळून पाहिला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. बाकी सगळे टोर्लाइवकडे पाहत होते.

गुनवोरच्या अंगणात आळीतली झाडून सगळी माणसं जमली होती. उन्हाळी इर्जिक होती ती. एकेकाचं घर सगळ्यांनी मिळून रंगवायचं आणि घरच्यांनी कॉफी नि वॅफल घालायचे. आळीच्या मंडळाची एकुलती एक स्प्रे गन या घरून त्या घरी फिरायची. आज सकाळपासून ती उत्तरेच्या भिंतीवर थुंकत होती. थोडा वेळ सरळ फवारा, मग फस्स, की भिंतीला गोवर.

टोर्लाइव हा पाणाड्या, जमिनीखालचं पाणी हुडकणारा. दोन पितळी तारा पुढे धरून तो घराला फेरी घालत आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तारा एकमेकींवर चढल्या.

"हं! झरा आहे. आणि साधा नाही, उलट्या अंगाचा! तो भिंतीत चढतो, म्हणून भिंत रंग थुंकते. गुनवोर, जे घर आज रंग नाकारतं ते उद्या माणूस नाकारतं. अर्ने गेल्यापासून झोप लागत नाही ना तुला?"

गुनवोरनं किटली खाली ठेवली. नवऱ्याला जाऊन दोन हिवाळे झाल्यावर कुणाला सुखाची झोप लागते? पण हे विचारायचं सुचलं नाही कुणाला.

"माझ्या ओळखीचा एक जण घेईल हे घर," टोर्लाइव हळूच म्हणाला. "त्याला झरा बाधत नाही. त्याचा रक्तगट वेगळा आहे."

गुनवोरची बर्गन शहरातली बहीण दर रविवारी फोनवर विचारायची, "येतेस ना माझ्याकडे कायमची?" आणि गुनवोर दर रविवारी म्हणायची, "बघू." राग्नाला वाटे, हिनं जाऊ नये. पण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या राग्नाला दुसऱ्याच्या तराजूत आपलं बोट घालायची सवय नव्हती.

टोर्लाइवनं गन हातात घेतली. डोळे मिटले, नोझलभोवती बोटं फिरवली, "उतर, बाबा, उतर!" म्हणत एक फवारा गवतात मारला. "हा झऱ्याचा राग!" पुन्हा बोटं फिरवली आणि भिंतीवर गन धरली. रंग कसा दुधावरच्या सायीसारखा बसला.

"बघितलंत?" मंडळाचा अध्यक्ष ओड्वार टाळ्या पिटत ओरडला. "काय हो राग्नाबाई, हे आहे का तुमच्या पुस्तकात?"

कॉफीचा एक घोट होईतो गन पुन्हा थुंकली.

"चढला परत," टोर्लाइव सुस्कारला. "मी तरी किती वेळा उतरवू?"

"टोर्लाइव," राग्ना म्हणाली, "झरा कुठे नाही, ते सांगशील?"

तो खुलला. तारा फिरवत थेट होडीच्या शेडपर्यंत गेला. "इथं! इथं जमीन गाईसारखी गरीब आहे."

राग्नानं गनचा पंप तिथं ओढत नेला आणि शेडला टेकवलेल्या जुन्या दारावर गन धरली. सरळ, सरळ... फस्स.

"झरा मागोमाग आला!" टोर्लाइव म्हणाला.

"चालत, की पाइपातून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता मी मंत्र म्हणणार नाही. माझ्या बोटांकडे बघा." राग्नानं नोझलचा कान धरून ती मागची पुढे फिरवली. "ही नोझल उलटी फिरते, ती याचसाठी. मधे काही अडकलं की उलटी करायची आणि गवतात मारायची. अडकलेलं उडून जातं. मग सुलटी करायची. झाला राग शांत." दारावर रंग सायीसारखा बसला.

"पण मग परत परत का अडकतं?" गुनवोरनं विचारलं. सकाळपासूनचा तिचा हा पहिला प्रश्न.

"आता कसं बोललीस!" राग्नानं पंप बंद केला, आतला दाब सोडला, गनचा खटका कळ लावून अडकवला. "दाब असताना उघडायची नाही हं, रंग सुईसारखा बोटात घुसतो." मग तिनं गनची मूठ उघडून आतली रंग गाळायची जाळी बाहेर ओढली. जाळी ठिकठिकाणी फाटली होती आणि तिच्यावर वाळल्या रंगाचे पापुद्रे चिकटले होते. पिवळेजर्द.

गुनवोरचं घर पहिल्यापासून पांढरं. नको नको म्हणतानाही सगळ्यांच्या नजरा शेजारच्या घराकडे वळल्या. गेल्या आठवड्यात रंगलेलं, पिवळंजर्द, अध्यक्षांचं.

"मी धुतली होती," ओड्वार म्हणाला.

"कुठून?"

"...बाहेरून."

इर्जिकीत कुणाची चूक काढायची नाही, ही आळीची रीत. सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"इथंच फसतो आपण," राग्ना शांतपणे म्हणाली. "'गन धुतलीस का रे?' एवढं शेजाऱ्याला विचारायला लाजलो, आणि त्याच्याऐवजी जमिनीखालच्या झऱ्यावर आळ घेतला. विचारावं. थेंब पडला तर थेंबात काय आहे ते आधी बघावं. जाळी धुवायला साबणाचं कोमट पाणी पुरतं. झऱ्याच्या भीतीनं मात्र माणूस घर सोडतं."

ओड्वार बादली घेऊन आला. गन, पाइप, नोझल सगळं त्यानं आतून धुतलं, पाणी नितळ येईपर्यंत. मंडळाच्या खोक्यात नवी जाळी पुडक्यातच पडून होती, ती बसवली. रंगही गाळून घेतला. मग उत्तरेची भिंत संध्याकाळपर्यंत एकदाही थुंकली नाही.

टोर्लाइव तारा गुंडाळत होता. जाता जाता स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबला. "मग त्या माणसाला काय सांगू, गुनवोर? तो वाट बघतोय."

गुनवोरनं वॅफलच्या साच्यात पीठ ओतलं, झाकण दाबलं. राग्ना भिंतीकडे बघत राहिली, तिच्याकडे नाही.

"सांग त्याला, घर विकायचं नाही," गुनवोर म्हणाली, आणि मग अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि उद्या बहिणीलाही सांगणार आहे. मी इथंच राहणार."