चोथ्याची आयुधपूजा

ऑलिव्हचे तेल काढून झाले की चोथा उरतो आणि काळे, कडू पाणी उरते. ऑलिव्ह पिकवणाऱ्या देशांत ते नदीत सोडू देत नाहीत. शेतात ओतले तर कोवळी रोपे जळतात. बंगळूरच्या एका संशोधन केंद्रात मात्र १९९७ साली त्याचे स्वागत नव्या जावयासारखे झाले. डॉ. सुधींद्रने त्यातून एक अर्क काढला होता, आणि तो पाजलेल्या उंदरांच्या रक्तातली चरबी खवट होण्याचे प्रमाण घटले होते. उंदरांच्या. हा शब्द त्याने निबंधाच्या पानापानावर लिहिला होता. संचालक सत्यनारायण यांनी तो कॅप्सूलच्या बाटलीवर जागेअभावी गाळला. सुधींद्रचे नाव मात्र ठसठशीत छापले.

मग आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. दारात कोहळा फुटला, यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या. आयुधांनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची. सूक्ष्मदर्शकाने घेतली, तराजूने घेतली. आणि जिचे सारे कर्तृत्व अखंड चालू राहण्यात होते, त्या शीतपेटीलाही ती देण्यात आली. बटण खुद्द संचालकांनी सोवळ्यात बंद केले आणि अर्काच्या बरण्यांची झाकणे काढून आत अक्षता टाकल्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून सुधींद्र परतला, तेव्हा सोनेरी अर्क गंजाच्या रंगाचा झाला होता. त्याने तपासला. ज्या द्रव्यासाठी हा सगळा खटाटोप, ते त्यात उरलेच नव्हते.

"वाया गेला, सर."

"वास तर तोच येतोय की!" सत्यनारायण बरणीत नाक घालून म्हणाले. घरी मराठी, दारी कन्नड आणि समारंभात इंग्रजी बोलणारे हे गृहस्थ तिन्ही भाषांत तितकेच निश्चिंत असत. "स्वल्प रंग बदलला म्हणून काय झालं? कॅप्सूल कुठे पारदर्शक आहे?"

त्याच अर्काच्या कॅप्सूल भरल्या गेल्या. पहिली बाटली संचालकांनी दिवाळीची भेट म्हणून जयनगरला तुंगाबाईंकडे पोचवली. सुधींद्रला लहानाचा मोठा करणाऱ्या या काकू. महिन्याभरात त्यांचे डोके सकाळी ठणकू लागले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि सुधींद्रला बाजूला घेऊन सांगितले, रक्तदाब असाच चढा राहिला तर एक दिवस अर्धे अंग जाईल.

"काकू, रोजची गोळी सोडलीस?"

"घरचं औषध असताना परक्याचं कशाला खाऊ? तुझं नाव आहे की त्यावर."

"त्यात काही नाही, काकू. अर्क मेलाय."

"मेला म्हणे! तिन्हीसांजेला असं बोलतात?" त्या रागावल्या. "आणि खोटं असतं तर छापलं असतं का रे?"

छापलेल्या अक्षरावरची ही श्रद्धा त्यानेच, शाळेतून आणलेल्या प्रत्येक बक्षिसागणिक, त्यांच्यात रुजवली होती. ती उपटायची तर छापणाऱ्यांसमोरच उपटायला हवी होती.

कॅप्सूल बाजारात आणण्याचा समारंभ जयनगरच्याच सभागृहात झाला. तुंगाबाई पहिल्या रांगेत, नव्या इरकल साडीत. सुधींद्र उभा राहिला आणि म्हणाला, "पूजेच्या दिवशी शीतपेटी बंद केली गेली. अर्क नासला. या कॅप्सूलमध्ये गुणकारी असं काहीही नाही. असतं, तरी ते उंदरांपुरतंच सिद्ध झालं होतं. यासाठी कोणी आपली औषधं सोडू नयेत."

सत्यनारायण हसत पुढे आले. "पाहिलंत? एवढा मोठा शोध, आणि केवढा विनय! ही आपली परंपरा." टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आली, श्रीफळ आले. दाराशी कॅप्सूलसाठी रांग लागली.

तुंगाबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "विनय म्हणे! तुझ्यात? शाळेत दुसरा नंबर आला तेव्हा आठवडाभर मास्तरांना शिव्या घालत होतास."

"मग?"

"मग काय? माझी जुनी गोळी आण. वाटेत दुकान उघडं असेल."

घरी पोचल्यावर, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळून, त्यांनी उरलेल्या कॅप्सूल फोडून कढीपत्त्याच्या कुंडीत झटकल्या. बाटली धुऊन तिच्यात हिंग भरला.

पुढच्या आठवड्यात कढीपत्त्याला लुसलुशीत पालवी फुटली. अर्क पुरता मेला होता, रोप जाळण्यापुरताही उरला नव्हता, याचा आणखी एक पुरावा सुधींद्रला मिळाला. त्याच आठवड्यात केंद्राने त्याची बदली ग्रंथालयात केली आणि कॅप्सूलच्या दुसऱ्या खेपेची लेबले छापायला दिली. त्याचे नाव तसेच ठेवून.