गेटवरची पेटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, पाठीवरचा निळा रंग उडालेला आणि अंगाला कायमचा मोहफुलांचा वास. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण आता मी माझ्या मोठेपणाबद्दल बोलणार आहे.

मोठेपणा म्हणजे माझा कॅमेरा. कारखान्यात तो माझ्या पाठीवर बसला आणि तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली. पुढे चंद्रपूरच्या एका दुकानात मला काचेच्या कपाटात उभं केलं. शेजारी दुसरा एक अँड्रॉइड फोन होता. काळा, जाडजूड, मोठ्या बॅटरीचा. दुकानदार पवनभाऊ त्याच्यावर गाणं लावायचे तेव्हा रस्त्यापलीकडचा चहावाला मान डोलवायचा. आमचं दोघांचं जराही पटत नसे. किंमत जवळपास सारखी, गिऱ्हाईकही तेच, त्यामुळे एकाला कुणी उचललं की दुसऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. काचेत कोंडून राहायचा मला वीट आला होता. एकदा बाहेर पडलो की सगळं जग माझ्या कॅमेऱ्यात येणार, याची मला खात्री होती.

एके दिवशी कलाबाई आणि तिची लेक रंजीता दुकानात आल्या. मोहर्लीच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांचं गाव. रंजीताची सफारी गाइड म्हणून नुकतीच निवड झाली होती. घरातला बटणांचा फोन मोहाच्या गेल्या हंगामात ओढ्यात पडला होता आणि आता दोघींत मिळून एकच फोन घ्यायचा होता. पवनभाऊंनी आम्हा दोघांना काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलं.

कलाबाईने सरळ काळ्याला उचललं. "हा घे, रंजी. याचा आवाज लय मोठा हाये. मोहा येचाले जातो ना मी. गाणं वाजत राह्यलं का वाघ बाजूनं निंगून जाते."

त्यात काही खोटं नव्हतं. त्या गावात बायका पहाटे मोहफुलं वेचायला जातात तेव्हा एकमेकींना हाका मारत राहतात. फुलं वेचताना माणूस खाली वाकलेलं असतं. वाकलेलं माणूस वाघाला चटकन ओळखू येत नाही, आवाज मात्र ओळखू येतो. कलाबाईच्या वाट्याचं झाड ओढ्यापलीकडे, बाकीच्यांच्या झाडांपासून लांब. तिला हाक मारायला तिथे कुणी नसे. म्हणून फोनवरचं गाणं.

"माय, मी गाइड झाली ना आता," रंजीता मला हातात घेऊन म्हणाली. "वाघाचा फोटू काढाले कॅमेरा नाई पायजे का? अन् गाणं तं याच्यावरबी वाजते."

"बारीक वाजते वो."

पवनभाऊ म्हणाले, "बाई, दोन्हीबी एक नंबर हायेत. तुमी सांगा." असं ते सगळ्यांनाच सांगायचे.

कलाबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग काळ्याला हळूच खाली ठेवलं. "तुले हाच पायजे ना? मंग हाच घे."

मी काळ्याकडे अशा काही तोऱ्यात पाहिलं म्हणता! तीच आमची शेवटची भेट.

कामाच्या पहिल्या सकाळी रंजीता मला खिशात घेऊन ऐटीत जंगलाच्या गेटवर गेली. तिथे हर्षा नावाची मुलगी पर्यटकांचे फोन जमा करून घेत होती. तिने रंजीतापुढेही हात केला.

"मी गाइड हाये, ताई."

"गाइडचाबी जमा करा लागते. आत कोणाचाच फोन चालत नाई."

पर्यटकांचा नियम रंजीताला ठाऊक होता. तोच नियम आपल्यालाही लागू आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने मला एका कापडी पिशवीत घातलं, पिशवी पत्र्याच्या पेटीत गेली आणि पेटीला कुलूप लागलं.

मित्रांनो, नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझा जीव नुसता गुदमरायचा. सफारीची जिप्सी गाडी निघाल्याचा आवाज यायचा, मग लांब जायचा, मग काहीच नाही. जंगल हाकेच्या अंतरावर आणि माझ्या कॅमेऱ्यापुढे काळं कापड. परत आलेले लोक वाघिणीच्या पिल्लांबद्दल बोलायचे आणि मी ते पेटीतून ऐकायचो. काचेच्या कपाटातून निदान रस्ता तरी दिसत होता! सफारीनंतर पर्यटक रंजीताचा नंबर घ्यायचे, तिच्याबरोबर फोटो काढायचे, म्हणून ती मला रोज आणायची आणि मी रोज पेटीत जायचो. कलाबाईने मला एकदाही मागितलं नाही.

मोहाचा हंगाम आला. एका सकाळी पेटीत मी वाजू लागलो. रंजीताच्या घराशेजारच्या सुनिलचा फोन होता. थांबला, पुन्हा आला, पुन्हा आला. मला काही सुचेना. थरथरून मी पत्र्यावर आपटत होतो, पण पेटीत कुणाचा ना कुणाचा फोन वाजतच असतो. तिकडे कोण लक्ष देणार?

रंजीता परतली, तिने सुनिलला फोन लावला आणि तिचा चेहरा उतरला. ओढ्याजवळ वाघ दिसला होता. फोन कलाबाईजवळ असेल असं समजून सुनिल तिला सावध करायला धडपडत होता.

आम्ही घरी पोचलो तेव्हा कलाबाई अंगणात बसली होती. सुनिल आणि गावातली माणसं डबे बडवत गेली म्हणून वाघ हलला होता. ती सुखरूप होती, पुढ्यात रिकामी टोपली.

"फुलं सांडली वो सारी," ती एवढंच म्हणाली.

रंजीता तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली.

त्याच संध्याकाळी तिने मला तोंडापुढे धरलं आणि पर्यटकांशी बोलते तशी बोलू लागली. "नमस्कार, मी रंजीता. आज मी तुमची गाइड. आवाज न करता उजवीकडे पाहा..." झाडं, पाखरं, पाणवठे, सगळं सांगत गेली. ते मी जसंच्या तसं साठवून ठेवलं.

तेव्हापासून पहाटे मी कलाबाईबरोबर मोहाखाली असतो. माझा आवाज बारीक, म्हणून ती मला जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खोल पातेल्यात ठेवते. भांड्यात ठेवलं की आवाज मोठा होतो. म्हणजे मी पुन्हा कोंडलेलाच! वर आभाळाचा गोल तुकडा दिसतो, अधूनमधून एखादं फूल अंगावर पडतं आणि मी मोठ्यानं सांगत असतो, "आवाज न करता उजवीकडे पाहा!"

"पाह्यतो वो बाई, पाह्यतो," कलाबाई वाकल्या वाकल्या उत्तर देते. सफारीला ती कधी गेलेली नाही. एकदा पलीकडे पाचोळा वाजला. ती जागच्या जागी थांबली. मी बोलत राहिलो. पाचोळ्याचा आवाज हळूहळू लांब गेला. कोण होतं ते मला दिसलं नाही, आणि माझ्यात वाघाचा फोटो आजही नाही.

माझी बॅटरी आता लवकर उतरते. काळा असता तर जास्त टिकला असता, हे मीच सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरी नवा फोन येईल तेव्हा तो कुणाजवळ राहायला हवा, हे आधी एकमेकांना विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्याला वेळेवर चार्जिंगला लावत जा. कुणीतरी त्याच्या आवाजाच्या भरवशावर वाकलेलं असतं.

कलाबाई चार्जिंग विसरते. रंजीता विसरत नाही. पहाटे ती मला हातात घेते, बॅटरी भरली का ते बघते, मला आईच्या टोपलीत ठेवते आणि रिकाम्या हातानं गेटकडे जाते.