सरळ केलेली फरशी

शेतावरच्या त्या जुन्या घरात स्वयंपाकघराची दगडी फरशी चुलीकडे उतरती होती आणि सायलसची बायको डॉर्कस तिला रोज नावं ठेवायची. म्हणून बायको बहिणीकडे गेल्यावर सायलसने ती फरशी उखडली आणि अगदी सपाट, पाणसळीत बसवली. आता डॉर्कस खूश होणार!

रविवारी ती चर्चमधून पाद्रीबाबांना जेवायला घेऊनच परतली. घाईघाईत टेबल मांडलं, तर वाटाणे घरंगळत थेट बाबांच्या मांडीवर! सायलसच्या पणजोबांनी उताराच्या हिशेबाने टेबलाचे दोन पाय कापून आखूड केले होते, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

"अहो, हेच का तुमचं सरळ काम?" डॉर्कस म्हणाली. सायलसचा चेहरा पडला.

"गुडघे लावा रे," पाद्रीबाबा हसले. तिघांनी टेबल गुडघ्यांवर तोललं आणि बाबांनी प्रार्थना गायला सुरुवात केली. आभार मानता मानता ते पार बायबलमधल्या नोहाच्या तारवापर्यंत पोचले. रस्सा निवला, पण त्या गोड आवाजाने डॉर्कसचा रागही निवला.

"उद्या उरलेले पाय कापतो," सायलस पुटपुटला.

"पणजोबांच्या टेबलाला हात तर लावून बघा! फरशी होती तशी वाकडी करा," असं म्हणत तिने सगळ्यात मोठा बटाटा त्याच्याच ताटात वाढला.