भेटीच्या खोलीतला घोडा

मी एक जुना, सागवानी, डोलणारा घोडा आहे. मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरातील कौटुंबिक न्यायालयात, विलग झालेल्या आईवडिलांची मुले जेथे भेटीला येतात, त्या खोलीच्या कोपऱ्यात माझा निवास आहे. स्थैर्य माझ्या वाट्याला आलेच नाही. कोणी जवळून गेले तरी मी हलतो, आणि कितीही हललो तरी तेथल्या तेथेच असतो.

कन्नडच्या गोकुळ सुताराने मला घडविले. एका वकिलांच्या घरी दोन पिढ्या माझ्या पाठीवर वाढल्या. सणावारी मला पुसून दिवाणखान्यात मांडीत. पुढे मुले मोठी झाली, मी माळ्यावर गेलो आणि माझ्या आयाळीत कोळ्यांनी जाळी विणली. घर विकताना वकिलांनी मला या खोलीस अर्पण केले. येथे माझी पाठ क्वचितच रिकामी असते. परंतु येथली मुले खेळता खेळता दाराकडे पाहतात. त्यांची ती चलबिचल माझ्या लाकडात उतरली आहे.

एका सोमवारी संघपाल आला. तो फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर. तो आणि तनुजा विवाहाविना एकत्र राहत होते; मग दोघे विलग झाले, आणि चार वर्षांची रूपा आईबरोबर गंगापूरला गेली. न्यायालय हे संविधानाचे घर, तेथे पौर्णिमेला विहारात जावे तसे जावे, असे त्याच्या आईने, कडूबाईने, बजावले होते. म्हणून त्याने दाढी उतरविली होती आणि पांढराशुभ्र सदरा घातला होता. त्याला बसवेना. येरझारा घालताना त्याचा पाय मला लागे आणि मी करकरू लागे.

"मॅडम, लग्नच नाय झालं, तर मी बाप कसला? समदे हेच म्हणतेत."

त्याच्या वकील सुलेखाताई म्हणाल्या, "जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे, तनुजाही नाकारत नाही. नाकारलं असतं, तर डीएनए चाचणीची मागणी केली असती. हे बघ, लग्नाशिवाय झालेल्या लेकराची पालक कायद्यानं आधी आई. ताबा मागशील तर अवघड आहे. पण भेट मागता येते. पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज केला, म्हणून तर निकालाआधी ही तात्पुरती भेट मिळाली."

"अन् पुढं?"

"कोर्ट लेकराचं भलं बघतं. आज समुपदेशक बाई अहवाल लिहितील. पोरगी तुझ्याजवळ रमली, तर नेहमीच्या भेटी मागू. गंगापूरला जाऊन तनुजाला न विचारता पोरीला गाडीवर बसवलंस, ते भोवलंय आपल्याला."

"चक्कर मारून आणणार होतो फकस्त."

"तिच्या आईला ते कसं कळावं?"

तेवढ्यात समुपदेशक बाईंमागून तनुजा रूपाला घेऊन आली. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले.

"नवरदेव होऊन आलास व्हय? लग्नाला तेवढी सवड नव्हती तुला."

तो रूपासमोर वाकला. त्याने हात पसरले. रूपाने तो गुळगुळीत, अनोळखी चेहरा पाहिला आणि किंचाळून आईचा पदर धरला. मित्रांनो, तिने आपल्या बापास दाढीविना कधी पाहिलेच नव्हते! आदराने केलेला तो वेशच त्याचा वैरी झाला. समुपदेशक बाईंनी घड्याळाकडे पाहिले. वेळ सरत होता.

संघपालाने पसरलेले हात खाली घेतले. तो माझ्याजवळ जमिनीवर बसला. काय करावे हे न सुचून त्याने माझा सैल झालेला स्क्रू गाडीच्या किल्लीने आवळायला घेतला आणि झिजलेल्या कडेवरून बोट फिरविले. रूपा पदराआडून पाहत होती. पांढऱ्या बाहीतून बाहेर आलेली ती बोटे! नखांच्या कडांना पॉलिशचा तपकिरी रंग, जो कोणत्याही साबणाने जात नाही.

ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. तिने त्याचे बोट धरून हुंगले.

"पप्पाचा वास येतोय," ती म्हणाली. मग त्याच्या गालावर हात फिरवून रागावली, "दाढी कुणी नेली?"

"कोर्टात येतो म्हणून काढली, माय. चुकलं माझं."

"परत लाव."

समुपदेशक बाई हसू आवरू शकल्या नाहीत. रूपा माझ्यावर बसली. त्याने मला हळूच डोलविले, आणि मी प्रथमच न करकरता डोललो.

वेळ संपल्यावर ती उतरेना. तनुजा दारातून हे पाहत होती. अखेरीस ती समुपदेशक बाईंना म्हणाली, "पुढच्या भेटीला माझी हरकत नाय म्हणून लिहा. पण इथंच. गाडीवर नाय." आणि मग त्याच्याकडे न पाहताच, "कामाच्याच कपड्यात ये. पोरगी घाबरती."

सारे गेले, तरी मी डोलतच राहिलो. मित्रांनो, एका जागी राहून डोलणे लाकडाला सोसते. लेकराला सोसत नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचेही कोणाशी बिनसेल. तेव्हा आपल्या लेकराला दाराकडे पाहत ठेवू नका, एवढेच या जुन्या घोड्याचे मागणे आहे.