पाचव्या माणसाचं भाडं

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहत होती. बेडरूममध्ये निलेश, त्याची बायको जान्हवी आणि आठवीतली निधी. हॉलमधल्या दिवाणावर निलेशचे बाबा चंद्रप्रकाश, आणि दिवाणाशेजारी जमिनीवर गादी घालून त्यांची थोरली बहीण सुगंधा. नवी नवरी म्हणून आली तेव्हा जान्हवीला हे फार लागलं होतं. "आत्या, तुम्ही खाली का झोपता?" तिने विचारलं. "वरून पडायची भीती नाही," सुगंधाआत्या म्हणाली, आणि तो विषय कायमचा मिटला.

सुगंधाने लग्न केलं नव्हतं. म्हणजे होता होता राहिलं होतं. निलेश चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हा भांडुपच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायचं काम करणारी सुगंधा चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे राहायला आली. त्या चार दिवसांना आता छत्तीस वर्षं होऊन गेली होती.

तर या घरात दोन वर्षांपूर्वी निलेशने जाहीर केलं की बाबांची सत्तरी क्रूझवर करायची. शांत-होम, केटरर, शंभर माणसांना बासुंदी, यातलं काही नको. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री, मोठ्ठं जहाज, पाचही जण. कुरिअर कंपनीतल्या त्याच्या साहेबाने फोटो दाखवले होते, त्यात साहेब बाराव्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावात नारळपाणी पीत होता. निलेशने दुसऱ्याच दिवशी बँकेत आरडी उघडली. आपण जिन्यावरून पाण्याची बादली नेणारी माणसं, आता समुद्रातल्या तलावात पोहणार, याचं त्याला फार कौतुक वाटत होतं. वाटू दे की. मुलाने बापासाठी एवढा मोठा घाट घातला, त्यात हसण्यासारखं काही नाही.

निधीने मोबाइलवर नकाशा काढून बोट फिरवलं. "आत्याआजी, हे बघ. हे जहाज तुमच्या मालवणसमोरून जाणार!"

सुगंधा नुसतं "हो का?" म्हणाली आणि भाजी निवडू लागली. पण त्या संध्याकाळी ती स्टेशनजवळच्या बाजारात गेली आणि रबरी तळव्याचे पांढरे बूट घेऊन आली. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईच्या साडीखाली पांढरे बूट! खालच्या मजल्यावरची माणसं हसली. सुगंधाने लक्ष दिलं नाही. ते बूट घालून ती रोज संध्याकाळी मिठागरांपर्यंत चालत जायची. बोटीवर पाय भक्कम हवेत, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिला हे ठाऊक होतं, कारण ती एकदा बोटीत बसली होती. एकदाच. वडील लालबागला गिरणीत होते, त्यांना खोली मिळाली आणि त्यांनी गावाहून बायको-मुलांना बोलावून घेतलं. सुगंधा बारा वर्षांची, चंदू, म्हणजे चंद्रप्रकाश, सात. मालवणच्या किनाऱ्यावरून पडावात, म्हणजे लहान होडीत बसायचं, पडाव हलतडुलत बोटीला लागायचा, मग शिडीने वर डेकवर. बोट सुटली आणि अर्ध्या तासात चंदूला ती लागली. आईलाही लागली, पण आई निदान डोळे मिटून पडून राहिली. चंदूने मात्र ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं ते भाऊच्या धक्क्यापर्यंत उचललं नाही. एका हातात पत्र्याचा डबा, दुसरा हात त्याच्या कपाळावर, अशी ती बसून होती. कठड्याशी उभी असलेली माणसं ओरडत होती, तो बघा दीपस्तंभ, ते बघा मोठे मासे उड्या मारतायत! तिने जरा मान उंचावली की चंदू रडायचा, "ताई, हलू नको गो." तिच्या समोर माणसांच्या पाठी होत्या आणि पाठींच्या पलीकडे समुद्र. अख्खा समुद्र तिने नुसता ऐकला.

पुढे गावी जायला एसटी आली, मग रेल्वे आली. ती बोट बंदच झाली. सुगंधाने ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण मनातून ते गेलंही नाही. दोन वर्षं ती त्या सहलीची वाट बघत होती, आणि वाट बघतेय हे कुणाला कळू नये म्हणून निधीने विषय काढला की ती कपडे वाळत घालायला उठायची.

चंद्रप्रकाश याउलट गप्प गप्प होत चालले होते. क्रूझचं नाव निघालं की "बघू" म्हणायचे. तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात आलेपाकाच्या वड्या सापडू लागल्या. खोकला नसताना हा माणूस आलेपाक कशाला खातो, हे धुण्याआधी खिसे तपासणाऱ्या सुगंधाला काही कळेना.

आरडी पिकली आणि निलेश दर विचारायला बसला. तिथेच घोळ झाला. त्याने दोन वर्षांपूर्वीच्या दराला धरून पैसे साठवले होते, आणि मधल्या काळात जहाजाने आपले दर कुठल्या कुठे नेऊन ठेवले होते. त्यात निधीची शाळा, म्हणजे जायचं दिवाळीच्याच सुट्टीत, आणि दिवाळीत सगळ्यांच्याच शाळांना सुट्टी. माणशी भाडं वाढलं होतं, त्यावर बंदराचा कर, त्यावर जीएसटी. वाढप्यांची टिपसुद्धा आधीच कापून घेणार, जेवण आवडलं की नाही हे न विचारता. दोन केबिन घ्यायच्या ठरल्या होत्या, एक तिघांची, एक दोघांची. आता ते गणित काही केल्या जमेना. चार जणांची एक केबिन तेवढी आवाक्यात येत होती.

रविवारी सकाळी निलेशने ट्रॅव्हल एजन्सीतल्या प्रांजलला फोन लावला. तो बेडरूममध्ये होता, पण फोन स्पीकरवर होता, आणि या घरात बेडरूममधला स्पीकर किचनमध्ये ऐकू येतो. किचनमध्ये सुगंधा नारळ खवत होती.

"चौघांच्या केबिनमध्ये पाच जण ॲडजस्ट नाही का होणार?" निलेश विचारत होता. "आमची आत्या खाली गादी घालून झोपेल. घरी तशीच झोपते. गादी आम्ही आणतो हवं तर."

प्रांजलने बहुधा आयुष्यात बरेच प्रश्न ऐकले असतील, पण गादी आणतो म्हणणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं असावं.

"सर, तसं नाही होत हो," ती अदबीने म्हणाली. "प्रत्येक केबिनमागे लाइफबोटमधल्या सीट मोजलेल्या असतात. चौघांच्या केबिनला चारच."

"मग एका माणसासाठी वेगळी केबिन?"

"मिळेल ना. पण सिंगल असेल तर दोघांचं भाडं पडतं, सर. केबिन दोघांची असते. एकटं माणूस आलं तरी चार्ज दोघांचाच."

सुगंधाचा खवणीवरचा हात थांबला. एकट्या माणसाला दोघांचं भाडं. आयुष्यभर तिने एकटीने कमी खाल्लं, कमी जागा घेतली, कुणाला आपला भार होऊ नये म्हणून धडपडली, आणि आता कळलं की या घरातलं सगळ्यात महागडं माणूस तीच होती. तिला मनापासून वाईट वाटलं. राग कुणाचा करायचा हेही कळेना. निलेशचा कसा करणार? तो तर गादी उचलून न्यायला तयार होता.

आत निलेश बायकोला म्हणत होता, "ऑफिसमधून लोन काढतो."

"काढ," जान्हवी म्हणाली. "आत्यांना सोडून नाही जायचं. त्यापेक्षा कॅन्सल करू."

हे ऐकलं आणि सुगंधाचा निर्णय झाला. जेवायला सगळे बसल्यावर तिने आमटी वाढता वाढता सांगून टाकलं, "निलेश, तुम्ही चौघं जाऊन या. मी काही येत नाही. माका बोट लागता."

"आत्या, फोन ऐकलास ना तू?" निलेशचा चेहरा उतरला.

"कसला फोन? बोट लागते म्हणून सांगतेय. लहानपणी आले होते ना, आठवण काढली तरी पोटात ढवळतं." एवढं बोलून तिने भावाकडे बघितलं. त्या बोटीवरचं या घरातलं दुसरं माणूस तेच होतं. आता हा म्हणेल, खोटं बोलतेय ती. पण चंद्रप्रकाश मान खाली घालून माशाचे काटे काढत होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

सुगंधाला तेच जास्त लागलं. न जाणं तिने स्वतः ठरवलं होतं, ते सोसण्यासारखं होतं. पण ज्याच्यासाठी मान वर केली नाही, त्याला आठवतही नसावं? सात वर्षांचं पोर होतं, असं तिने स्वतःला समजावलं, आणि पांढरे बूट खोक्यात घालून दिवाणाखाली सरकवले.

मंगळवारी संध्याकाळी निलेश बुकिंगसाठी सगळ्यांची आधार कार्डं गोळा करत होता. चंद्रप्रकाश उठले, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातलं एक कार्ड टेबलावर ठेवलं आणि पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसले.

"बाबा, हे आत्याचं आहे."

"ठाऊक आहे. वाचता येतं मला."

"अहो, पण वाढदिवस तुमचा आहे! तुमच्याशिवाय आम्ही कुणाचा केक कापू तिथे?"

"माझा आहे ना वाढदिवस? मग माझ्या मनासारखं करा एकदा तरी." चंद्रप्रकाशनी टीव्ही बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "दोन वर्षं झाली, जो तो मला सांगतोय तुम्हाला क्रूझवर न्यायचंय. पण बाबा, तुम्हाला यायचंय का, असं कुणी विचारलंय? अरे, मला बोट लागते! लाँचने मांडव्याला जायचं म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. दोन वर्षं आलेपाक खातोय मी, आल्याने मळमळत नाही म्हणतात, सवय व्हावी म्हणून. आणि ही," त्यांनी बहिणीकडे बोट दाखवलं, "हिला म्हणे बोट लागते! सगळी बोट ओकत होती रे, ही एकटी ताठ बसली होती."

"गप रव, चंदू," सुगंधा म्हणाली.

"कित्याक गप रवू? परवा गप्प राहिलो, कारण मला लाज वाटली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी मुंबईला आलो, निलेश. ती सारखी मान वर करायची आणि मी रडून तिला खाली बसवायचो. मला सगळं आठवतंय. सात वर्षांचा होतो, पण एवढं कळत होतं की तिला समुद्र बघायचाय." त्यांनी रिमोट खाली ठेवला. "आधी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही. तू एवढ्या हौसेने पैसे साठवत होतास."

निलेशने आत्याचं कार्ड उचलून बाकीच्या कार्डांत ठेवलं. जान्हवीने डोळ्यांना पदर नव्हता म्हणून ओढणी लावली. सुगंधा मात्र चिडली. तिला हे असं चारचौघांत उघडं पडणं अजिबात आवडलं नाही. "आणि तू इथे खाणार काय तीन दिवस?" ती ओरडली.

"सुरमई," चंद्रप्रकाश म्हणाले. "आणि रिमोट माझ्याकडे असेल."

निधीने तेवढ्यात दिवाणाखाली हात घालून बुटांचं खोकं बाहेर काढलं होतं.

निघायच्या दिवशी चंद्रप्रकाश बॅलार्ड पिअरपर्यंत सोडायला आले. समोरचं जहाज मुलुंडमधल्या कुठल्याही टॉवरपेक्षा उंच होतं. त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. बॅगा आत गेल्या. तेव्हा त्यांनी खिशातून आलेपाकाची पुडी काढून बहिणीच्या हातात दिली.

"मला काय करायचीय?"

"तुला नाही. बाजूच्याला लागेल. कुणाला ना कुणाला लागतेच." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, पण यावेळी कुणाचं डोकं मांडीवर घेऊ नको गो. समोर बघ."

साडेचारला जहाज सुटलं. बंदरातून बाहेर पडेपर्यंत सगळं छान होतं. खुल्या समुद्राला लागल्यावर ते अगदी हळू, जेमतेम कळेल इतकं डुलू लागलं, आणि निधीचा चेहरा पांढराफटक पडला. डेकवरच्या बाकावर ती आत्याआजीला चिकटली. "आजी, मला कसंतरीच होतंय," म्हणून तिने डोकं टेकायला मान झुकवली.

सुगंधाचा हात आपोआप तिच्या कपाळाकडे गेला. साठ-पासष्ट वर्षांची सवय होती ती. हात कपाळाशी पोचला आणि तिथेच थांबला.

"जान्हवी," तिने हाक मारली. "इकडे ये गं. हिला घे जरा. ही आलेपाकाची वडी दे, बरं वाटेल." जान्हवी धावत आली, लेकीला कुशीत घेतलं. सुगंधा उठून उभी राहिली. आपण काहीतरी वाईट करतोय असं तिला दोन पावलं वाटलं. तिसऱ्या पावलाला कठडा हाताशी आला.

सूर्य बुडायला आला होता. तिच्यापुढे कुणाचीही पाठ नव्हती.

पदराच्या आत मोबाइल वाजला. मुंबईची रेंज अजून सुटली नव्हती.

"ताई, काय दिसता?" चंदूने विचारलं.

तिला सांगायचं होतं पुष्कळ, पण डोळे वाहू लागले. ते पुसायलाही ती थांबली नाही, कारण पुसायचं म्हणजे तेवढा वेळ डोळे मिटायला लागले असते.

"बघतंय रे," ती म्हणाली. "थांब जरा. अजून बघतंय."