पावसाच्या ड्रमाला कुलूप

प्रभावतीबाईंच्या मयूर विहारमधल्या तळमजल्याच्या घरामागे झाडांचे वाफे, तीन बादल्या आणि एक निळा ड्रम असे. पहिल्या बादलीत तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी, ते कढीपत्त्याला. दुसरीत एसीतून ठिबकलेलं, ते मोगऱ्याला. तिसरीत आरओने टाकून दिलेलं खारट पाणी; ते झाडांना नाही, फरशीला. ड्रममध्ये गच्चीवरून पाइपाने उतरलेला पाऊस. बाईंनी चौतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं होतं. कुठलं पाणी कुठे जातं ते ठाऊक असावं, एवढाच त्यांचा हट्ट.

शनिवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी विनायकराव आले.

"ताई, उद्या हरित सोसायटी स्पर्धेच्या परीक्षक येतायत. हे हटवा ना. बिल्कुल भंगारवाल्याचं दुकान वाटतं."

"बादल्या आत घेते. ड्रम भरलेला आहे."

"मग ओतून द्या!"

"पाणी वाचवायच्या स्पर्धेसाठी पाणी ओतायचं?" बाईंचे यजमान दादाराव पेपरमागून म्हणाले.

"दादासाहेब, समझा करो यार. नंबर आला की हे वाफे काढून इथे सेल्फी पॉइंट करायचा, कमिटीत ठरलंय. जागा तशी सोसायटीचीच."

बाईंनी वाफ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांचा मोगरा होता तो.

सोसायटीची स्वतःची पावसाची टाकी होती. दोन वर्षांपूर्वी नारळ फोडून तिचं उद्घाटन झालं. मग अंगणात नव्या टाइल्स बसल्या, उतार गेटकडे पडला, आणि तेव्हापासून पाऊस टाकीला वळसा घालून रस्त्यावर जाई. बाईंनी उतार मोजून तीन अर्ज दिले. तिन्हींवर 'नोंद घेतली' असा शेरा पडला.

त्या दुपारी टँकर आला आणि टाकी काठोकाठ भरली. ड्रम कोणालाच हलेना, म्हणून त्याच्याभोवती स्पर्धेचा कापडी फलक गुंडाळला.

रविवारी परीक्षकबाई टाकीत डोकावल्या. "टीडीएस कितना है?"

विनायकरावांचा चेहरा फुलला. "हमारी ताई साइंटिस्ट हैं! ताई, तुमचं ते मीटर आणा."

बाईंनी पाण्यातले क्षार मोजणारं मीटर टाकीत बुडवलं आणि आकडा स्थिर होऊ दिला. "आठ सौ साठ."

"देखा!" विनायकराव म्हणाले. "किसी सोसायटी का इतना नहीं होगा."

"बारिश के पानी का पचास से कम होना चाहिए," परीक्षकबाई म्हणाल्या. "कहीं असली बारिश का पानी है?"

विनायकरावांनी बाईंकडे पाहिलं. दादारावांनीही. 'नाही' म्हटलं की नंबर जाईल आणि वाफे राहतील. पण चौतीस वर्षांत बाईंनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. आता तोंडी सांगायला कशा सुरुवात करणार? त्यांनी फलक बाजूला केला आणि मीटर ड्रममध्ये धरलं.

"इकतीस."

सोसायटीला दुसरं बक्षीस मिळालं, 'वाफ्यांसह ड्रम' या प्रकल्पासाठी. ढाल विनायकरावांनी घेतली. अहवालात वाफ्यांचा उल्लेख असल्यामुळे ते काढता येईनात. मग सेल्फी पॉइंट ड्रमपाशीच झाला. ड्रमला हिरवा रंग लागला, नळाला कुलूप लागलं, वर पाटी: 'सोसायटीची शान. पाणी काढू नये.'

ऑक्टोबरच्या उन्हात मोगऱ्याची पानं गळू लागली. एसी बंद झाले होते, दुसरी बादली कोरडी.

"चौथा अर्ज देतेस?" दादारावांनी विचारलं.

"नको. तुमची ती माशांच्या टाकीची जुनी नळी कुठंय?"

गच्चीचा पाइप जिथून ड्रममध्ये शिरतो त्या भोकातून बाईंनी नळी आत सोडली, दुसऱ्या टोकाला तोंड लावून हवा ओढली आणि ते टोक मोगऱ्याच्या मुळाशी टेकवलं. पाणी काठ चढून आलं आणि उतरू लागलं.

"अगं, पाटी वाचलीस ना?"

"वाचली," बाई म्हणाल्या. "मी कुठं काढतेय? ते आपलं आपण येतंय."