खालची खोली

मृत्युंजयअण्णांनी गादी तळहातानं दाबून पाहिली, मग उशी उचलून तिचा वास घेतला आणि ती होती तशी परत ठेवली. दारात उभा असलेला कृष्णात हे सगळं बघत होता. पन्हाळ्याच्या पायथ्याला, उसाला लागून, त्यानं पाहुण्यांसाठी हे दुमजली घर बांधलं होतं. पण त्याच्या उशीचा वास आजवर कुणी घेतला नव्हता.

"पावणं, गादी नवीच हाय. आजून खोळबी मळली न्हाय."

"हो, हो, तसं नव्हे." अण्णा ओशाळले. "लांबून येणारी माणसं आहेत. म्हणून बघितलं."

"किती जन?"

"पाच."

"तुमाला धरून?"

"मी नाही. मी नुसता ठरवायला आलोय."

कृष्णात हसला. "म्हंजे लगीन ठरवायचं आनि मांडवात यायचं न्हाय. भारी हाय की."

असल्या बोलण्याची उत्तरं अण्णांना नेहमी घरी पोचल्यावर सुचत.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्यांना हे काम मिळालं होतं. मराठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक लहानशी कंपनी होती. पुस्तक समोर उघडून ऐकत बसायचं आणि वाचणारा कुठं चुकला ते कळवायचं. सगळे आपापल्या घरून काम करत. कुणी नाशिकला, कुणी लातूरला, राजवीर तर पार इंदूरला, आणि अण्णा कोल्हापूरजवळ उचगावात, आक्काजवळ, म्हणजे थोरल्या बहिणीजवळ. एकमेकांना कुणीच प्रत्यक्ष भेटलं नव्हतं. रोज सकाळी फोनवर सगळे जमत आणि काम चालू असेपर्यंत फोन तसाच चालू राही. बाकीच्यांचे चेहरे दिसत. अण्णांचा कॅमेरा मात्र बंद असे. उचगावात नेट बरं मिळत नाही, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग ते तसंच चालू राहिलं.

त्या पोरांचे ते 'जय' होते. "जय, झोपला होतास काय? केवढी चूक सुटली," असं राजवीर खुशाल म्हणे. त्यांची प्रमुख संयोगिता नवऱ्याशी झालेलं भांडण मधूनच सांगायला घेई आणि शेवटी विचारे, "आता बोल, तू कुणाच्या बाजूनं?" गावात अण्णांना असं कुणी विचारत नसे. ते कट्ट्याजवळ आले की पोरं पाय खाली घेत, आणि बोलणं गुडघेदुखीवर नाहीतर मठातल्या प्रवचनावर येई. फोनवरच्या पोरांनी आपलं पांढरं डोकं एकदा पाहिलं की तीही पाय खाली घेतील, एवढीच त्यांना धास्ती होती.

म्हणून सगळ्यांनी चार दिवस कोल्हापुरात एकत्र राहायचं ठरलं आणि गावचा माणूस म्हणून बेत आखायचं काम 'जय'कडं आलं, तेव्हा त्यांनी ते मनापासून अंगावर घेतलं आणि त्याच चार दिवसांत आपल्याला बेळगावला लग्न आहे, हेही सांगून टाकलं. लग्न कुणाचं, ते अजून सुचायचं होतं.

"आणि खालची एक खोली लागेल," ते कृष्णातला म्हणाले. "पायऱ्या नकोत. संडास कमोडचा. जेवायला बसताना एक खुर्ची."

"कुनाला ओ?"

"ते मलाही माहीत नाही. विचारू नकोस, असं सांगितलंय."

सांगितलं होतं संयोगितानं. अण्णांनी विचारलं नव्हतं, पण मनातल्या मनात एकेकाला उभं करून पाहिलं होतं, आणि शेवटी त्यांचा संशय राजवीरवर जाऊन थांबला होता. पळायला जातो म्हणून सांगतो, पण खुर्चीतून उठताना कण्हतो. एवढ्या लहान वयात दुखणं, आणि वर सांगायची चोरी. आपल्यासारखाच हाही लपून बसलाय, असं वाटून अण्णांना त्याची फार माया आली होती.

खालच्या खोलीत ते स्वतः कमोडवर बसून उठले, भिंतीतली दांडी हिसके देऊन पाहिली. तेवढ्यात फोन आला. संयोगिता होती, आणि तिच्याबरोबर सगळेच.

"जय, मिळाली का खोली?"

"मिळाली. उजेड चांगला आहे."

"दाखव ना. आज उचगावात नाहीस, आज तरी नेट असेल."

अण्णांनी फोन खिडकीकडं धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर खिडकी आलीच नाही. एक म्हातारा आला. कपाळाला विभूती, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. बंद करायचं बटण त्यांना सापडेना.

पलीकडचे चेहरे पडद्याजवळ सरकले.

"जय," मग संयोगिता म्हणाली, "खोली दाखव म्हटलं, तोंड काय दाखवतोस? कॅमेरा उलटा कर."

"कुठून?"

"गोल बाण असतील बघ. दाब."

बाण सापडले. खाट दिसली, खिडकी दिसली, खिडकीतला ऊस दिसला.

"संडासात धरायला दांडी आहे का?" राजवीरनं विचारलं.

"आहे. पक्की आहे, मी ओढून बघितली." अण्णांनी आवाज खाली आणला. "गुडघे फार दुखतात का रे?"

"माझे? मी आजच धावून आलोय."

"मग ही खोली..."

कुणीतरी हसू दाबलं.

"जय, तुझा माइक कधी बंद असतो का?" संयोगिता म्हणाली. "तुझी आक्का रोज ओरडत असते. गोळी घेतली का, जिना सावकाश उतर, ह्या वयात हाड मोडलं तर जुळायचं न्हाय."

अण्णा खाटेच्या कडेला टेकले.

"कधीपासून ऐकताय?"

"पहिल्या आठवड्यापासून."

अण्णांनी घसरलेला चष्मा वर सरकवला.

"ते बेळगावचं लग्न..." त्यांनी सुरुवात केली.

"मोडलं ते," राजवीर म्हणाला. "मुलीकडच्यांनी नकार दिला. आणि हे बघ, आम्हाला घ्यायला स्टँडवर वेळेत ये. नेहमीसारखा उशीर करू नकोस."

फोन बंद झाल्यावरही अण्णांनी तो हातातच धरला होता. कृष्णात दारातून आत डोकावला.

"मग पावणं, बसली का पसंतीला?"

अण्णांनी वाकून चपला काढल्या आणि खाटेखाली सरकवल्या.

"उशाशी एक दिवा लागेल," ते म्हणाले. "मला वाचल्याशिवाय झोप येत नाही."